घरचे ॲडमिन

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत पाण्याचा पंप स्वतःच्याच हातानं चालू करणारे, पार्किंगच्या पट्ट्या मोजणारे आणि कबुतरांवरून भांडणारे असे तीन गृहस्थ असतातच. गेल्या वीसेक वर्षांत त्यात चौथ्याची भर पडली आहे. हा साठी ओलांडलेला असतो. खिशात पेन नसलं तरी पेनड्राइव्ह असतो. तुमच्याकडे चहाला आला की कप येईपर्यंत तुमच्या लॅपटॉपवर हात ठेवतो आणि हळू आवाजात विचारतो, "किती दिवस असा गरम होतोय?"

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत यांना लिनक्सकाका म्हणतात. ते नाव त्यांना पसंत नव्हतं. संकोचापोटी नव्हे, ते अपुरं आहे म्हणून. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिहिला तो लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा नुसता गाभा. भोवतालचं बरंचसं सामान रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातलं. तेव्हा म्हणायचंच तर पूर्ण म्हणा, ग्नू-लिनक्स. बी विंगमधल्या पोरांनी दोन दिवस तसं म्हटलं, तिसऱ्या दिवसापासून नुसतं 'ग्नूकाका' सुरू केलं. मग काकांनीच पहिलं नाव मान्य असल्याचं कळवलं. ईमेलनं.

कारण काका व्हॉट्सॲपवर नाहीत. आपला पत्रव्यवहार परक्या कंपनीच्या ताब्यात द्यायचा नाही, हे त्यांचं तत्त्व आहे. सोसायटीच्या ग्रुपवर काय चाललंय ते काकू मोठ्यानं वाचून दाखवतात, काका आरामखुर्चीत बसून उत्तर सांगतात, काकू टाइप करतात. तत्त्व काकांचं, अंगठा काकूंचा.

काकांची जडणघडण पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ईडीपी विभागात झाली. तेव्हा आयटी हा शब्द रुळला नव्हता. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे आणि अख्ख्या कारखान्यात एसी तिथेच असल्यामुळे मोठे साहेबही काहीतरी विचारायचं निमित्त काढून तिथे येऊन बसत. पगारपत्रकाचा कोबॉल प्रोग्रॅम काकांनी लिहिला होता आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा आवाज ऐकून ते कुठल्या खात्याचा पगार निघतोय ते सांगत, असं तेच सांगतात. त्या दिवसांची एक खूण उरली आहे. काकांच्या कुठल्याही मजकुरात एका ओळीत ८० पेक्षा जास्त अक्षरं नसतात. आयबीएमनं १९२८ साली काढलेल्या कार्डाला ८० रकाने होते, म्हणून पुढे पडद्यावरही ८० आले, म्हणून आमच्या गणेशोत्सवाच्या अहवालातही ८० आहेत. वर्गणीदारांची नावं त्यात बसावीत म्हणून दोन जोडआडनावांची आद्याक्षरं करावी लागली. त्यातल्या एकानं पुढच्या वर्षी वर्गणी दिली नाही.

काकांची मतं ऐकायला सायंकाळी कट्ट्यावर बसावं लागतं. फ्रिजला इंटरनेट कशाला? त्यानं थंड करावं, बातम्या वाचू नयेत. 'क्लाउड' म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर. दुसऱ्याच्या घरात दागिने ठेवून आपण त्याला ढग म्हणतो. भाजीवालीकडच्या बोलक्या डब्याला त्यांची हरकत नाही, कारण तो एकच काम करतो आणि ते नीट करतो, जे युनिक्सचं मूळ सूत्रच आहे. एवढं कौतुक करून ते तिला सुटे पैसे मोजून देतात.

विंडोजचं नाव ते घेत नाहीत. 'ती' म्हणतात. २०२४ साली १९ जुलैला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्याकडेही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, त्या संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. एक अक्षर बोलले नाहीत. कोणीतरी विषय काढावा म्हणून पाऊण तास बसून राहिले. आम्हीही काढला नाही. शेवटी वॉचमननं विचारलं, "काका, विमानं का बंद पडली?" त्याला जे उत्तर मिळालं ते रात्रपाळीचा माणूस येईपर्यंत पुरलं.

लिनक्सच्या प्रसाराच्या कामात त्यांनी उमेदीची वर्षं घातली आहेत. उबुंटू नावाचं लिनक्स काढणारे पूर्वी मागेल त्याला फुकट सीडी घरपोच पाठवत. २०११ साली त्यांनी ते थांबवलं, पण तोवर काकांकडे गठ्ठे जमले होते. लग्नाला गेले की आहेराच्या पाकिटात ते एक सीडी सरकवत. उरलेल्या आता गॅलरीत दोऱ्यानं टांगल्या आहेत. कबुतरं बिचकतात. मुक्त सॉफ्टवेअरचा आमच्या इमारतीला झालेला हा पहिला फायदा, असं कबुतरांवरून भांडणारे गृहस्थही मानतात.

पण काका खरे कळतात ते घरात. त्यांचं घर क्रॉनवर चालतं. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ठरलेलं काम करणारा युनिक्समधला जुना नोकर. त्याला पाच गोष्टी सांगायच्या: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जी ठरलेली नसेल तिथे तारा काढायचा. टीव्हीच्या मागे ठेवलेला पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर दिवसभर घोषणा करत असतो. बुधवारी रात्री नऊला तो म्हणतो, "उद्या गुरुवार, पाणी भरून ठेवा." गॅसचा नंबर लावा, विजेचं बिल भरा, काकांची बीपीची गोळी, सगळं त्यात आहे. काकूंनी सुरुवातीला कौतुक केलं आणि मग एक साधी मागणी केली. त्यांची संकष्टी त्यात घाला.

इथे काका अडकले. पाच रकान्यांत तिथी कुठे लिहायची? तारीख ठरलेली नाही, वार ठरलेला नाही, तिथे तारे काढले तर रोजच उपास. काकांनी मग स्वतः प्रोग्रॅम लिहिला. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, एक संकष्टी माहीत आहे, पुढच्या मोजून काढू. दोन महिने बरोबर आलं. तिसऱ्या महिन्यात काकू आदल्या दिवशी उपास करून, रात्री चंद्र बघून, मोदक खाऊन झोपल्या आणि सकाळी उपम्याची फोडणी टाकत असताना टीव्हीमागून आवाज आला, "आज संकष्टी चतुर्थी आहे."

काकूंनी झाऱ्यानं नुसतं भिंतीकडे दाखवलं. तिथे कालनिर्णय होतं. १९७३ पासून निघतंय, वीज लागत नाही, अपडेट वर्षातून एकदा आणि तेही आपण आणायला गेलो तर.

"त्यांनी सोर्स कोड उघड केलेला नाही," काका म्हणाले.

मात्र एवढ्यावर सोडतील तर ते काका कसले. त्यांनी दाते पंचांग आणलं, खगोलगणिताची पुस्तकं काढली आणि चूक शोधली. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी होते; पण चंद्राची चाल एकसारखी नाही, त्यामुळे एखादी तिथी २० तासांतच उरकते, एखादी २६ तास रेंगाळते. त्यात संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते. सरासरीवर धर्म चालत नाही, हा शोध त्यांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी लागला. आता प्रोग्रॅम अचूक आहे, पुण्याच्या चंद्रोदयाची वेळ मिनिटासकट सांगतो. काकू ती ऐकतात आणि मग कालनिर्णयमध्ये बघून खात्री करून घेतात.

काकांचा सगळा लढा कशासाठी, तर माणसानं कुणाच्या मुठीत असू नये. कंपनीनं दार लावलं तर आपण बाहेर, ही गुलामी आहे, असं ते तळमळीनं सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत. फक्त हे सांगताना ज्या घरात बसलेले असतात, त्या घरातल्या प्रत्येक दाराची किल्ली त्यांच्या डोक्यात असते. वायफायचा पासवर्ड जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा ठेवता येतो, म्हणून तो ६३ अक्षरांचा आहे. पाडव्याला जावई आले की निम्मा फराळ होईपर्यंत टाइप करत असतात. एकतिसाव्या अक्षराशी एक शून्य आहे, ते त्यांना दरवर्षी 'ओ' वाटतं. यंदा त्यांनी मुकाट्यानं स्वतःचं नेट वापरलं आणि अनारसा जास्तीचा घेतला.

टीव्हीचीही तीच गत. केबल काढली, रिमोट गेला, सगळं त्या कॅटाएवढ्या कॉम्प्युटरमधून येतं, आणि त्याची डिस्क कुलूपबंद आहे. चोरानं नेली तरी त्याला काही दिसू नये म्हणून. मागे काका कारखान्यातल्या जुन्या मित्रांबरोबर राजस्थानला गेले होते. इकडे वीज गेली, आली, आणि टीव्हीवर काळ्या पडद्यावर एकच ओळ उभी राहिली: पासवर्ड द्या. मालिकेत त्या आठवड्यात नायिकेची स्मृती परत येणार होती. काकूंनी जैसलमेरला फोन लावला. काका म्हणाले, "फोनवर पासवर्ड सांगायचा नसतो. बँकवालेही तेच सांगतात." उरलेली मालिका काकूंनी आमच्याकडे पाहिली आणि रोज येताना डब्यात काहीतरी आणलं. काकांनी वर्षातून दोनदा तरी राजस्थानला जावं, असं आमच्या घरचं मत झालं.

हा माणूस रुक्ष आहे असं मात्र कुणी समजू नये. काका लिहितात ते विम नावाच्या प्रोग्रॅममध्ये. तो फुकट आहे. मोकळा उघडला की पडद्यावर एक विनंती दिसते, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. विम लिहिणारे डच गृहस्थ ब्राम मोलेनार स्वतः त्या देशात किबालेला सेवाकार्यासाठी राहिले होते आणि आपल्या प्रोग्रॅमचं मोल त्यांनी या विनंतीपुरतंच ठेवलं. कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांची घासाघीस करणारे काका तिथे दरवर्षी पैसे पाठवतात. मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले, तेव्हा काका दोन दिवस कट्ट्यावर आले नाहीत. आम्हाला आधी वाटलं, 'ती' दुरुस्त झाली की काय.

एकदा काकूंनी विचारलं, "जनता वसाहतीतली पोरं दिसत नाहीत का तुम्हाला?"

"दिसतात की. पण त्यांचा निरोप स्क्रीनवर येत नाही."

दुसऱ्या दिवशी मॉनिटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती: धुणंभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलीची फी. काकांनी ती चिठ्ठी वाचली, फी भरली आणि क्रॉनमध्ये एक ओळ वाढवली. शून्य, नऊ, पंधरा, सहा, तारा. दर वर्षी पंधरा जूनला सकाळी नऊला घोषणा होते. ती मुलगी आता बीसीए करते आणि काकांना विंडोजमधल्या शंका विचारते. तिला ते उत्तरं देतात.

बॅकअपबद्दल थोडक्यात सांगतो, कारण काका थोडक्यात सांगत नाहीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत साताऱ्याला मेहुण्याच्या कपाटात, काकूंच्या माहेरच्या पाटल्यांशेजारी असते आणि दर दिवाळीला बदलली जाते. तिच्यात १९९८ पासूनचा दुधाचा हिशेब आहे. मुलीच्या लग्नाची पत्रिकाही आहे, पण ती आप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्यानं युनिकोडच्या आधीच्या फाँटात केलेली. तो फाँट आता कुणाकडे नाही. फाइल शाबूत आहे, उघडतेही, आणि त्यात नवरदेवाच्या नावाच्या जागी दोन डॉलर, एक टक्का आणि उलटं प्रश्नचिन्ह दिसतं. काका ती लोकांना मुद्दाम दाखवतात, मोकळ्या मानकांचं महत्त्व पटावं म्हणून. जावयांना दाखवू नका, असं काकूंनी बजावलेलं आहे.

यंदाच्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत काका उभे राहिले. जुने कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि ३२ बिटांत तो आकडा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे जात नाही. तो भरेल १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्यानंतर अशी घड्याळं थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातील. लिफ्टच्या कंपनीला आपण लेखी विचारलं आहे का?

अध्यक्ष म्हणाले, सध्या गळतीचा विषय घेऊ. चिटणिसांनी 'लिफ्ट १९०१ सालात जाण्याबाबत चर्चा झाली' अशी नोंद केली. काकूंनी मात्र तिथल्या तिथे हिशेब केला आणि जिना चढताना काकांना म्हणाल्या, "अडतीस साली तुम्ही त्र्याऐंशीचे. असाल की नाही देवाला ठाऊक. मग आमचं टीव्हीचं, गॅसचं, त्या पासवर्डांचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. काका आठवडाभर कट्ट्यावर दिसले नाहीत. मग एका संध्याकाळी खूश होऊन आले. 'मी नसताना' नावाची फाइल तयार झाली होती. सगळे पासवर्ड, कुठली वायर कुठे, संकष्टीचा प्रोग्रॅम कसा दुरुस्त करायचा, क्रमवार, साध्या मराठीत, ८० अक्षरांच्या ओळीत. चुकीच्या हातात पडू नये म्हणून फाइल कुलूपबंद केली होती आणि एक प्रत साताऱ्याला रवाना झाली होती.

"आणि ती उघडायची कशी?" काकूंनी विचारलं.

"त्यात सगळं लिहिलंय," काका म्हणाले.