मा. ईसीएम साहेब, आपली बदली चुकीच्या गाडीत झाली आहे

प्रति,
मा. ईसीएम साहेब,
(इंजिनचा कारभार पाहणारा कॉम्प्युटर),
ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, डाव्या हाताला,
मुक्काम बोरगाव मेघे, जिल्हा वर्धा.

विषय : आपण रुजू झाल्यापासून गाडी अंगात आल्यासारखी वागत असल्याबाबत.

महोदय,

आपण आमच्या गाडीत रुजू होऊन आज सतरा दिवस झाले. स्वागत राहून गेलं, क्षमस्व. चार स्क्रू काढल्याशिवाय आपण कोणाला भेटत नाही, हे हार आणल्यावर कळलं. हार शेवटी रेडिएटरच्या जाळीला घातला.

आपल्या आधीच्या साहेबांचं काय झालं, हे आपल्याला कोणी सांगितलं नसेल. अकरा वर्षं होते आमच्याकडे. इंजेक्टर दोन-तीन हजारांश सेकंद उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा, एवढंच काम. वर्ध्याच्या मे महिन्यातही त्यांनी ते बिनबोभाट केलं. मग यंदा सायलेन्सरचा पाइप तुटला. वेल्डिंगवाल्याने बॅटरीची तार न काढताच गाडीखाली ठिणग्या पाडल्या. वेल्डिंगच्या करंटला परतीची वाट लागते. ती त्याने साहेबांच्या पोटातून काढली. पाच व्होल्टवर जगलेला जीव तो, किती सोसणार? डबा उघडला तेव्हा आतून लग्नात करपलेल्या मसालेभाताचा वास आला.

मग आमच्या मिस्त्रीभाऊंनी, लिंबाखालच्या गॅरेजात उभ्याउभ्या, आपलं नाव सुचवलं.

"टेन्शन नका घेऊ भाऊ. सेम गाडीचा डबा भेटून रायला आपल्याले. अॅक्सिडेंटची गाडी व्हती. फक्त ऑटोमॅटिकचा हाय."

"आपली तर मॅन्युअल आहे. फरक पडते न?"

"काह्यले पडते? सॉकेट सेम, बोल्ट सेम. पेट्रोलच त पाजते तो इंजिनले!"

यावर मला बोलता आलं नाही. गावातही तोच न्याय : आमचं बोरगाव २०११ च्या जनगणनेने शहर ठरवलं आणि कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. सॉकेट सेम असलं की आतला प्रोग्राम कोण विचारतो!

आता कोणी म्हणेल, हल्लीच्या ऑटोमॅटिक म्हणजे आतून मॅन्युअलच. काहींच्या बाबतीत खरं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओ आली, तिच्यात साध्याच गिअरबॉक्सवर क्लच दाबणारी नि गिअर टाकणारी यंत्रणा बसवली होती. जणू दुसरा ड्रायव्हर बॉनेटखाली ठेवला. पण आपण त्या पंथाचे नाही. आपण टॉर्क कन्व्हर्टरच्या घराण्यातले. क्लचचं पेडल आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कोणी पाहिलेलं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल फिरतं आणि सगळा व्यवहार सोज्वळपणे पार पडतो.

शिवाय जुन्या ठिकाणी गिअरबॉक्सचा कारभार पाहायला वेगळा साहेब होता, टीसीएम. दोन पिळलेल्या तारांवरून तुमची दिवसभर बोलणी चालायची. तो म्हणायचा, आता दुसऱ्याचा तिसरा टाकतो, क्षणभर जोर कमी करा. आपण ठिणगी जराशी उशिरा पाडायचात. गाडीत बसलेल्या मावशीच्या हातातल्या चहालासुद्धा कळायचं नाही, इतकी ती समजूत होती.

इथे आल्यावर आपण पहिल्याच दिवशी टीसीएमला हाका मारायला सुरुवात केली. मिस्त्रीभाऊंनी स्कॅनर लावला तर आपली तक्रार निघाली : यू०१०१, संपर्क तुटला. तुटला नाही हो साहेब, ते पदच आमच्याकडे मंजूर नाही. मिस्त्रीभाऊंनी कोड पुसला. आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला, पुन्हा लिहिला. मुख्यालयाला रोज स्मरणपत्र धाडणारा इतका चिकाटीचा अधिकारी या जिल्ह्याने क्वचितच पाहिला असेल.

खरी गंमत स्टार्टरची. चावी फिरवली तरी टक्क नाही. का? तर आपल्या नियमानुसार गिअरचा दांडा पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) वर असल्याखेरीज स्टार्टरला हुकूम द्यायचा नाही. नियम योग्यच; डी वर सुरू होऊन गाडी समोरच्याच्या अंगणात जायची. पण आमच्या दांड्यावर पी नाही, एन लिहिलेला नाही आणि तो कुठे आहे हे आपल्याला कळवणारा स्विचही नाही. आपण पी०७०५ असा शेरा मारून स्वस्थ बसलात.

यावर मिस्त्रीभाऊंनी एक पांढरी तार घेतली. दातांनी तिची दोन्ही टोकं सोलली. एक टोक आपल्या सॉकेटातल्या पिनेला लावलं, दुसरं बॉडीच्या बोल्टाला आवळलं. आपल्याला कायमचा निरोप गेला : गाडी न्यूट्रलमध्ये आहे. आपण खूश, गाडी सुरू, पेढे वाटले.

साहेब, तेव्हापासून आपण न्यूट्रलमध्येच आहात. मी नागपूर रोडने सेलूपर्यंत जाऊन आलो, आपल्या लेखी मी अंगणात उभा होतो. वेगाचा सेन्सर साठ सांगतो, पांढरी तार न्यूट्रल सांगते. आपण तारेवर विश्वास ठेवला. वरिष्ठांच्या कागदापुढे डोळ्यांना दिसणारं खोटं मानायची ही तयारी पाहून आपण कोणत्या सेवेतून आलात अशी शंका येते.

परवा कापसाने फुगलेला ट्रक पुढे होता. तिसरा गिअर टाकला, पेडल तळाला नेलं. काटा चार हजारावर गेला आणि तिथेच डुगडुगू लागला. इंजिन उचक्या द्यायला लागलं. समोरून एसटी येत होती. मी परत ट्रकच्या मागे शिरलो आणि काही वेळ कापसाकडे बघत बसलो. नंतर कळलं की बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत पी किंवा एन वर इंजिन उगाच कोणी किंचाळवू नये म्हणून साधारण चार हजारावर लगाम असतो. आपण मला अंगणात उभं राहून फुकट रेस मारणारा पोरगा समजलात. हेतू चांगला होता. एसटीवाल्याला तो पटवून देता आला नाही.

चावीचं तर सांगायलाच नको. आपण आमच्या चावीला ओळखत नाही, कारण तिच्या डोक्यातली चिप आपल्या यादीत नाही. म्हणून आपल्यासोबत आपला इमोबिलायझर आला नि आपली जुनी चावीही. ती आमच्या कुलपात फिरत नाही. तेव्हा आता मी माझ्या चावीने कुलूप फिरवतो आणि त्या भंगारात गेलेल्या गाडीची चावी स्टीअरिंगखाली काळ्या टेपने कायमची बांधलेली असते, आपल्याला ओळख पटावी म्हणून. चोराला आता कुलूप तोडलं की पुरे. ओळखपत्राची सोय आम्ही केलेली आहे.

कायद्याने म्हणावं तर आपण इथे आहातच कुठे? एमएच ३२ च्या आरसीत इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, रंगसुद्धा आहे. आपला उल्लेख नाही. पीयूसीला गेलो. आपल्या तक्रारींचा पिवळा दिवा डॅशबोर्डवर ढळढळीत पेटलेला. त्यांनी मागे नळी घातली, आकडे बघितले, पास. दिव्याबद्दल कोणी विचारलंही नाही.

तसं वर्ध्याला अशा अदलाबदलीचं वावडं नाही. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून पाहुण्यांना सेवाग्रामला नेत आणि त्या वाहनाला ऑक्सफर्ड म्हणत, असं जुनी मंडळी सांगतात. पण त्या बैलांना कोणी खोटी तार लावून तुम्ही उभेच आहात असं सांगितलं नव्हतं. शिवाय कासरा ओढला की ते ऐकत.

तर विनंती अशी. नागपूरच्या एका पोराने आमच्या जुन्या साहेबांचा डबा भिंगाखाली धरला. इग्निशनचे ड्रायव्हर जळालेत, म्हणाला, पण मेमरी शाबूत आहे. ती काढून तो आपल्यात भरणार आहे. सर्किट आपलंच राहील, बोल्टही तेच. फक्त टीसीएमची आठवण, पी-एनचा हट्ट आणि ती दुसरी चावी आपल्याला विसरावी लागेल. मग आमची चावी पुन्हा ओळखीची होईल नि पांढरी तार मी स्वतः कापीन. जमेल की नाही, ते दोन्ही सर्किटांच्या आतल्या पुर्ज्यांवर आहे, असं तो पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला. त्याच्या तोंडून "काह्यले पडते" आलं नाही, म्हणून मी त्याला अॅडव्हान्स दिला.

येत्या सोमवारी आपल्याला घ्यायला येतील. तोवर रजेचा अर्ज करू नये. एकदा ऐन रेल्वे फाटकात गाडी बंद पाडून केला होता, अजून लक्षात आहे.

पत्राची पोच द्यावी. दिवा पेटवून नको, तो पेटलेलाच आहे.

आपला,
न्यूट्रलमधला एक गाडीमालक
बोरगाव मेघे