शार्क उडतात ते ठीक, पण अंगण कोरडं कसं?

आभाळातून शार्क पडतात, याबद्दल कुणाची फारशी तक्रार नव्हती. तक्रार होती ती अंगणाबद्दल. लॉस एंजेलिसवर चक्रीवादळ आलंय, समुद्र शहरात घुसलाय, बंगल्याच्या दिवाणखान्यात पाणी भरून त्यात शार्क फिरतोय, आणि त्याच बंगल्याच्या दाराबाहेर अंगण जवळजवळ कोरडं. ‘शार्कनेडो’ बघितलेला माणूस भेटला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात हे अंगण येतंच. उडणाऱ्या शार्कचं त्याने केव्हाच पोटात घातलेलं असतं. अंगणाचं मात्र तो विसरायला तयार नसतो.

ज्यांनी बघितला नसेल (आणि त्यांचं काही अडलेलंही नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 11 जुलै 2013 रोजी अमेरिकेतल्या सायफाय वाहिनीवर हा सिनेमा दाखवला गेला. दिग्दर्शक अँथनी फेरान्टे. पटकथा थंडर लेविन यांची. हे पटकथाकाराचं नाव आहे, वादळाचं नाही. बनवला ‘द असायलम’ नावाच्या कंपनीने. मोठ्या स्टुडिओचा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ येतोय म्हटलं की हे लोक ‘ट्रान्समॉर्फर्स’ काढणार, तिकडे विमानात साप सुटले की इकडे आगगाडीत सोडणार. घाईत दुकानात शिरलेल्या माणसाने चुकीची डीव्हीडी उचलावी, एवढीच माफक अपेक्षा. ‘शार्कनेडो’वर दहा ते वीस लाख डॉलर खर्च झाले असं सांगतात आणि चित्रीकरण उरकलं म्हणे 18 दिवसांत. रोलंड एमेरिखच्या ‘2012’ या प्रलयपटाचा खर्च वीस कोटी डॉलर होता. म्हणजे एमेरिखसाहेबांच्या प्रलयात असायलमच्या पैशांनी एखादा पूलसुद्धा धड पडला नसता.

कमी पैशांत जग बुडवायचं हे तसं कसबाचं काम आहे. पाऊस फक्त कॅमेऱ्यासमोरच्या चार माणसांवर पाडायचा. मागे सूर्य तळपत असला तर त्याला इलाज नाही, कारण सूर्य फुकट मिळतो आणि ढगांना पैसे पडतात. हानी शक्यतो टीव्हीवरच्या बातम्यांतून कळवायची, म्हणजे एक निवेदिका आणि एक टेबल एवढ्यात अर्धं शहर वाहून जातं. एक शास्त्रज्ञ हवा, त्याचं कुणी ऐकायला नको. नायकाचा घटस्फोट झालेला हवा, कारण आपत्ती आल्याशिवाय ही माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. या शेवटच्या बाबतीत वीस कोटीवाले आणि वीस लाखवाले यांच्यात काहीच फरक नाही.

आमच्याकडे पुतण्याने सुट्टीच्या दुपारी हा सिनेमा लावला, तेव्हा काका-काकूही होते. काका एका विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात होते आणि निवृत्त होऊनही त्या खात्यातून पुरते बाहेर आलेले नाहीत. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, काकू म्हणाल्या, “अरे, पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला थंड प्रवाह आहे ना? तिथं चक्रीवादळ पोचेपर्यंत त्याचा जीव जातो.” बरोबरच होतं त्यांचं. त्या किनाऱ्यावर असं संकट फार क्वचित येतं. 1939 मध्ये एक उष्णकटिबंधीय वादळ लाँग बीचजवळ धडकलं, त्याची अजून आठवण काढतात. पुतण्या म्हणाला, “काकूआजी, शार्क उडतायत.” काकू म्हणाल्या, “ते दिसतंय मला. मी वादळाबद्दल बोलतेय.”

असे सिनेमे बघणाऱ्यांची मतं ऐकत राहिलं की हेच पुन्हा पुन्हा दिसतं. प्रेक्षक एक प्रचंड मोठी थाप बिनतक्रार मान्य करतो. तिकीट काढलंय म्हटल्यावर, किंवा दुपार मोकळी आहे म्हटल्यावर, तेवढी सूट देणं तो आपलं कर्तव्य समजतो. पण त्या थापेच्या आसपासचा सगळा हिशोब त्याला चोख लागतो. शार्क आले, ठीक. मग पाठलागाच्या एका दृश्यात मुसळधार आणि पुढच्या दृश्यात लख्ख ऊन कसं? चक्रीवादळात मागच्या रस्त्यावरून गाड्या निवांत कशा चाललेल्या? हेलिकॉप्टरमधून टोर्नेडोत बॉम्ब टाकले की तो विरून जातो, हे कुठल्या इयत्तेत शिकवतात?

आणि ज्याची-त्याची शंका ज्याच्या-त्याच्या धंद्याची असते. वैमानिकाला हेलिकॉप्टर खुपतं. डॉक्टरला नायिकेला शुद्धीवर आणायची पद्धत खुपते. लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्याला या सगळ्याशी कर्तव्य नसतं, त्याचा एकच आक्षेप: सांता मोनिकापासून तिथपर्यंत इतक्या लवकर गाडी पोचूच शकत नाही, वादळ असो वा नसो. सांता मोनिकाच्या धक्क्यावरचा तो भला थोरला आकाशपाळणा सुटून गडगडत जातो, हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध पाटीतलं एक अक्षर उडून बसच्या चालकावर आदळतं, हे त्याने हसून घेतलेलं असतं. पण वाहतुकीची कोंडी दाखवली नाही म्हणजे अगदीच अभ्यास नाही!

मला वाटतं ही तक्रार हीच प्रेक्षकाची दाद असते. ज्या सिनेमाशी आपलं काही देणंघेणं नाही, त्याच्या अंगणात पाणी आहे की नाही हे कोण बघत बसतो? आणि भारी सिनेमालाही ही मंडळी सोडत नाहीत. ‘2012’मध्ये पृथ्वीच्या पोटातली गडबड सर्वांत आधी ओळखतो तो सतनाम नावाचा भारतीय शास्त्रज्ञ. पुढे जगभरातल्या बड्या लोकांना जहाजांवर नेतात, आणि याला न्यायला यायचं विमान येतच नाही. बायको-मुलासकट बिचारा लाटेखाली जातो. वीस कोटी डॉलरचं सगळं दृश्यवैभव काकूंनी बघितलं होतं, व्हाइट हाऊसवर आदळणारी विमानवाहू नौकासुद्धा. त्यांच्या लक्षात राहिलं एवढंच: “शोध आपल्या माणसाने लावला आणि गाडी पाठवायला विसरले.” शेवटी कुत्रा मात्र वाचतो, हेही त्यांनी नोंदवून ठेवलेलं आहे.

‘शार्कनेडो’ची गंमत अशी की समीक्षकांपैकी बहुतेकांनी त्याला हसत हसत बरं म्हटलं आणि सर्वसामान्य प्रेक्षकांनी दिलेले गुण दहापैकी साडेतीनलाही पोचत नाहीत. एरवी उलटं असतं. पहिल्या रात्री तो जेमतेम चौदा लाख लोकांनी बघितला. त्या वाहिनीसाठीही हा आकडा काही डोळे दिपवणारा नव्हता. पण बघता बघता लोक ट्विटरवर इतकं लिहीत होते, की ऐन भरात मिनिटाला पाच हजार ट्वीट पडत होती. मग पुन्हा दाखवला तर बघणारे वाढले, आणखी एकदा दाखवला तर आणखी वाढले, वीस लाखांच्या पुढे गेले. म्हणजे आदल्यांनी “टुकार आहे” म्हणून सांगितलं आणि ते ऐकून बाकीचे बघायला बसले. मला यात वावगं वाटत नाही. चांगला सिनेमा एकट्याने बघता येतो. टुकार सिनेमाला चार माणसं लागतात, निदान एक भूगोलाची आणि एक विम्याची.

पण टुकारपणातही प्रती असतात, आणि इथे प्रेक्षक फार चोखंदळ होतो. 1950च्या दशकात एड वूडने ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ काढला. प्रमुख नट बेला लुगोसी मरण पावला, तेव्हा आधी घेतलेली काही मिनिटंच हाताशी होती. वूडने उरलेल्या दृश्यांत बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे मणके बसवणाऱ्या वैद्याला उभं केलं. तो उंचीने जास्त, चेहऱ्याने वेगळा. म्हणून त्याने सगळा वेळ झगा तोंडावर धरून काढला. 1980 साली मेडव्हेड बंधू या सिनेलेखक जोडीने वाचकांच्या मतांवरून या सिनेमाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवलं. तेव्हापासून तो जिवंत आहे. असेच जेम्स न्गुयेन. सिलिकॉन व्हॅलीत सॉफ्टवेअर विकता विकता दहा हजार डॉलरच्या आत यांनी ‘बर्डेमिक’ बनवला. त्यात निम्मा सिनेमा प्रेमप्रकरण आणि ऑफिसच्या बैठकांत जातो, आणि मग अचानक संगणकावरचे गरुड हवेत जागच्या जागी पंख हलवत हल्ला करतात. माणसं त्यांच्याशी कपडे अडकवायच्या हँगरांनी लढतात. सनडान्स महोत्सवाने सिनेमा घेतला नाही, तर या गृहस्थाने गाडीला खोटे पक्षी चिकटवून महोत्सवाच्या गावात फेऱ्या मारल्या, आणि गाडीवर लिहिलेल्या सिनेमाच्या नावातच एक अक्षर गाळलं होतं. पुढे थिएटरांत लोक घरून हँगर घेऊन यायला लागले.

हसतात सगळे, पण त्या हसण्यात लोभ असतो. न्गुयेन यांना हिचकॉकसारखा सिनेमा करायचा होता. खरोखरच करायचा होता. वूडलाही मनापासून चांगलाच सिनेमा करायचा होता. प्रेक्षकाला ते पडद्यावर दिसतं आणि तो त्यांना सांभाळून घेतो. मुद्दाम वाईट केलेल्या सिनेमाला ही माया मिळत नाही. ‘शार्कनेडो’चे पुढे पाच भाग निघाले. दुसरा न्यूयॉर्कमध्ये घडला, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी बघितला. तिसऱ्यात नायक अंतराळात गेला. 2018च्या सहाव्यात कालप्रवास झाला. दर भागात नामवंत मंडळी येऊन शार्कच्या तोंडी जायला लागली, डोळे मिचकावत. आणि पहिल्या भागाचेच भक्त कुरकुरायला लागले, की आता मजा नाही, आता यांना माहीत आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. चौथ्या भागात अंगण कोरडं दिसलं तर कुणी बोट दाखवत नाही, कारण ते त्यांनी मुद्दामच कोरडं ठेवलं असणार अशी खात्री असते.

पहिला भाग तगतो तो त्यातल्या नायकामुळे, इयान झिअरिंगमुळे. 1990च्या दशकात ‘बेव्हर्ली हिल्स 90210’ मालिकेत चमकलेला हा नट. संहिता वाचून त्याची अजिबात इच्छा नव्हती, असं त्यानेच पुढे सांगितलं. पण बायकोला दिवस गेलेले, आणि कलाकार संघटनेचा आरोग्यविमा चालू राहायला वर्षाकाठी ठरावीक कमाई दाखवावी लागते. बायको म्हणाली, काम घे. त्याने घेतलं, आणि असं केलं की जणू यावरच सगळं अवलंबून आहे. तसं ते होतंच. शेवटी आभाळातून येणाऱ्या शार्कच्या उघड्या जबड्यात तो चालू करवत घेऊन उडी मारतो, आतून पोट कापून बाहेर येतो, आणि येताना हेलिकॉप्टरमधून पडलेली, नेमक्या त्याच शार्कने गिळलेली तरुणीही ओढून काढतो. एवढं सगळं करताना तोंडावर रेषभर हसू नाही. नोकरीवर असलेला माणूस!

हा विम्याचा किस्सा पुतण्याने सांगितल्यावर काका सावरून बसले. इतका वेळ ते गप्प होते. त्यांनी विचारलं, “त्याचा तो समुद्रकाठचा बार फुटला, त्याचं काय झालं?”

काय होणार, बुडाला, असं पुतण्या म्हणाला.

“तसं नाही. वादळ कव्हर होतं. पूर कव्हर होतो. पण काच कुणी फोडली? शार्कने. आता प्रॉक्झिमेट कॉज, म्हणजे मूळ कारण, काय धरायचं? वादळाने शार्क उचलून फेकला असेल तर वादळ, दावा मंजूर. पण तो पाण्यातून आपला आपण पोहत आला असेल, तर प्राण्याने केलेलं नुकसान. केस अडकली.”

“अहो, आणि ते म्हातारे गृहस्थ बारमधलं स्टूल बरोबर घेऊन निघाले, त्याचं?” काकूंनी विचारलं.

काकांनी जरा विचार केला. “ते साल्व्हेज,” म्हणाले. “रकमेतून वजा होईल.”