गिअरची गाडी: डाव्या पायाचे शिक्षण

गिअरच्या मोटारीत पायाखाली तीन पेडल असतात आणि ती दाबायला माणसाला पाय दोनच असतात. या विषयातल्या बहुतेक अडचणींचे मूळ याच हिशेबात आहे. उजव्या पायाकडे अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक अशी दोन खाती, डाव्याकडे क्लच हे एकच. त्यामुळे डाव्याचे काम हलके असणार, असा नवशिक्याचा समज होतो. तो पहिल्या सकाळपर्यंत टिकतो.

क्लचची गरज इंजिनाच्या स्वभावामुळे पडते. चालू इंजिनाला स्वस्थ बसता येत नाही. गाडी जागेवर उभी असतानाही ते मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असते. चाके मात्र ढिम्म. फिरणाऱ्याची आणि ढिम्म बसलेल्याची गाठ एकदम घातली, तर ढिम्म बसलेला जिंकतो आणि गाडी हिसका देऊन बंद पडते. म्हणून इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर चाकांकडची क्लचप्लेट बेताबेताने टेकवावी लागते. आधी ती घसरते, मग पकड घेते, आणि शेवटी दोन्ही एका वेगाने फिरू लागतात. पेडल वर येताना घसरण आणि पकड यांच्यामध्ये जी बोटभर जागा लागते, तिला ‘हाफ क्लच’ म्हणतात. ही जागा प्रत्येक गाडीत निराळ्या उंचीवर असते, क्लचप्लेट झिजेल तशी सरकते, आणि शेजारी बसलेल्या प्रत्येकाला ती नेमकी कुठे आहे हे ठाऊक असते.

शासनाची अपेक्षा त्या मानाने माफक आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ परवाना मिळतो, तो ६ महिने चालतो आणि ३० दिवस उलटल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. दरम्यान गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा असतो. इतरांनी जपून राहावे, हा त्यामागचा कायद्याचा हेतू. रस्त्यावर मात्र ती पाटी ओव्हरटेक करण्याची परवानगी म्हणून वाचली जाते.

यानंतर ड्रायव्हिंग स्कूल. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्या सरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात, ही बाब विद्यार्थ्याला सांगितली जाते, पण तिचा अर्थ सांगितला जात नाही. पहिल्याच दिवशी गाडी सुरळीत निघते, चौकात वेळेवर थांबते, बसच्या मागून अलगद सरकते. विद्यार्थी घरी येऊन म्हणतो, ‘वाटलं होतं तेवढं अवघड नाही.’ ते अवघड नव्हतेच, कारण क्लच सरांचा पाय सोडत होता आणि ब्रेकही तोच लावत होता. विद्यार्थी स्टिअरिंग धरून पुढच्या सीटवरचा प्रवास करत होता. वर्ग संपून घरच्या गाडीत बसेपर्यंत जो आत्मविश्वास जमा होतो, तो सगळा सरांच्या पायाचा असतो आणि सर तो बरोबर घेऊन जातात. स्वतःच्या आत्मविश्वासाची सुरुवात त्यानंतर होते, बहुधा सोसायटीच्या फाटकात.

सरावासाठी मोकळे, सपाट मैदान आणि पहाटेची वेळ निवडावी. फर्स्ट टाकावा, अ‍ॅक्सिलरेटरला पायही लावू नये आणि क्लच सावकाश वर येऊ द्यावा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते. पाय तिथेच धरावा. गाडी आपली आपण चालू लागेल. पुन्हा क्लच दाबावा, थांबावे, पुन्हा तेच. पाहणाऱ्याला हा प्रकार अत्यंत कंटाळवाणा वाटतो आणि तो तसाच असावा. मैदानावर करमणूक होऊ लागली, तर काहीतरी चुकते आहे असे समजावे.

शेजारी कोण बसणार, हा प्रश्न कायद्याने परवानाधारकापुरता सोडवला आहे. घरात असे परवानाधारक बरेच निघतात. वडील बसले तर त्यांच्या पायाखाली नसलेला ब्रेक ते जोरात दाबतात. मेहुणे ‘सोड, सोड, क्लच सोड’ आणि ‘एवढ्यात कशाला सोडलास’ ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणतात. मागे बसून आई स्तोत्र म्हणत असेल, तर ते मनातल्या मनात म्हणावे, अशी नम्र विनंती करावी. सर्वांत योग्य माणूस म्हणजे ज्याला या गाडीची काळजी नाही आणि बोलण्याची हौस नाही. असा नातेवाईक दुर्मीळ आहे.

गिअर बदलणे हा भाग लोक समजतात त्यापेक्षा सोपा आहे. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला, त्याआधी चालकाला क्लच दोनदा दाबून दातांचे वेग जुळवून घ्यावे लागत. आता ते काम गिअरबॉक्स करतो. दांडा कुठे आहे हे शोधण्याचीही वेळ येत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींत तो स्टिअरिंगच्या मानेवर असे. त्या टॅक्सी २०२३ मध्ये गेल्या. रिव्हर्सचे मात्र आजही एकमत नाही: कुठे मुठीखालची कडी वर ओढावी लागते, कुठे दांडा खाली दाबावा लागतो. गिअर बदलताना दांड्याकडे पाहू नये. तो जागा सोडून जात नाही. पुढचा रिक्षावाला जातो.

खरी परीक्षा सिग्नलला. हिरवा लागतो, क्लच घाईत सुटतो, गाडी बंद. अशा वेळी क्लच दाबावा, न्यूट्रल करावे, गाडी सुरू करावी, फर्स्ट टाकून निघावे. या सगळ्याला काही सेकंद लागतात; मागच्यांच्या मते अर्धा दिवस. पुण्यात सिग्नलचे आकडे संपण्याआधीच हॉर्न सुरू होतात, तेव्हा त्यांचा आपल्या बंद पडण्याशी संबंध असेलच असे नाही. हॉर्नमुळे इंजिन लवकर सुरू होत नाही, हे मागच्यालाही ठाऊक असते. घाबरून दिलेली जादा रेस आणि झटक्यात सोडलेला क्लच यांतून गाडी पुन्हा बंद पडते आणि तेवढ्यात सिग्नल लाल होतो. एका सिग्नलवर दोनदा बंद पडूनही जो हात हलवून शांतपणे तिसऱ्यांदा चावी फिरवतो, त्याचा अभ्यासक्रम अर्ध्याहून अधिक झाला.

उरलेला चढावर असतो. खंडाळ्याच्या घाटात गाड्या तुंबल्या की मागची गाडी बंपरला चिकटते आणि पाय ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे घरंगळते. यावर हँडब्रेक हा उपाय आहे. तो ओढावा, फर्स्ट टाकावा, थोडी रेस देत हाफ क्लचपर्यंत यावे आणि पुढचा भाग उचलला की हँडब्रेक सोडावा. नुसत्या हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याचे कसब काही जण अभिमानाने दाखवतात. थोड्याच वेळात क्लचप्लेट जळाल्याचा वास त्याची दाद देतो. उतारावर ज्या गिअरमध्ये चढले असते, त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रलमध्ये उतरल्याने पेट्रोल वाचते, ही श्रद्धा जुनी आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये घरंगळताना इंधन तोडले जाते आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही नियम आहे. तो उतरणाऱ्यांना फारसा आठवत नाही.

आत्मविश्वास दोनदा येतो. पहिला लवकर येतो आणि ओळखायला सोपा असतो: एक हात खिडकीबाहेर, दुसरा गिअरच्या मुठीवर, डावा पाय क्लचवर विसावलेला. मुठीवरच्या हाताचा भार गिअरबॉक्सच्या आतल्या फोर्कवर पडतो आणि त्या पायाने रिलीज बेअरिंग झिजते, म्हणजे या आत्मविश्वासाचे बिल गॅरेजमध्ये येते. दुसरा आलेला कळत नाही. घरी पोहोचल्यावर वाटेत कुठला गिअर कधी टाकला हे सांगता येत नाही, तेव्हा तो आलेला असतो.

डाव्या पायाचे शिक्षण पुरे होते न होते, तोच घरात नवी गाडी ऑटोमॅटिक घ्यायची ठरते. २०१४ मध्ये सेलेरिओ मोटारीबरोबर एएमटी, म्हणजे आपोआप बदलणारे गिअर, मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्यापासून हा धोका वाढला आहे. या गाडीत क्लचचे पेडल नसते. त्या जागेपर्यंत रुंद ब्रेक पसरलेला असतो. सवयीने डावा पाय तिथे जातो, क्लच समजून पूर्ण दाबतो आणि आतले सगळे पुढे फेकले जातात. पहिले काही दिवस डावा पाय सीटजवळ मागे ओढून ठेवावा आणि मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावायला सांगावा.