मॉप परत हवा आहे

2 मे 2023 रोजी शरद पवारांनी मुंबईच्या चव्हाण सेंटरमध्ये पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. नेत्यांना रडू आवरेना, कार्यकर्ते हटून बसले, समिती बसली आणि 5 मे रोजी राजीनामा मागे घेतला गेला. इंग्रजी विकिपीडियाच्या प्रचालकाचा राजीनामाही असाच मागे येतो. फक्त त्याच्यासाठी समिती बसत नाही आणि रडत तर कुणीच नाही.

प्रचालक म्हणजे नको ती पानं उडवणारा, भांडणाच्या पानाला कुलूप घालणारा, दंगेखोराला बाहेर काढणारा बिनपगारी गडी. या पदाची निशाणीच मुळी फरशी पुसायचा मॉप. ‘यात विशेष काही नाही,’ अशा अर्थाचं विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी 2003 मध्येच सांगून ठेवलंय. हे विशेष नसलेलं काम रूढ वाटेनं मिळवायचं तर सात दिवस चारचौघांत उलटतपासणी. कौल 65 टक्क्यांखाली गेला की बहुधा घरी, 75 च्या वर गेला की बहुधा पास. मधल्यांचं भवितव्य ‘ब्युरोक्रॅट’ ठरवतात. होय, त्या पदाचं अधिकृत नाव तेच आहे. आपल्या मंत्रालयातही एवढा प्रामाणिकपणा नाही.

सोडणं मात्र सोपं. एका ओळीची विनंती, आणि आपल्या पानावर ‘निवृत्त’ असा फलक. फलक लावूनही हात शिवशिवत असतील तर ठरलेल्या तारखेपर्यंत लॉगइन झाल्या झाल्या बाहेर ढकलणारी स्क्रिप्टही मिळते. रुसून लांबलचक निरोप लिहायचा आणि ‘जाऊ नका हो’ ऐकायला आडोशाला थांबायचं, हा प्रकार तिथे इतका मुरलाय की त्याची टर उडवणारं स्वतंत्र पानच कुणीतरी लिहून ठेवलंय.

मग एक दिवस अर्ज येतो: मॉप परत हवा आहे. ब्युरोक्रॅट चोवीस तास थांबतात. जाताना वादाचं सावट नव्हतं ना, एवढंच बघतात आणि देऊन टाकतात. दोन वर्षं सलग फिरकलाच नसाल, किंवा मॉपला हात लावून पाच वर्षं उलटली असतील, तर मात्र पुन्हा ती सात दिवसांची उलटतपासणी.

या नियमाची खरी गंमत 2019 मध्ये दिसली. जूनमध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं एका जुन्या प्रचालकावर वर्षभराची बंदी घातली आणि नेमकं कारण काही सांगितलं नाही. निषेध म्हणून वीसेक प्रचालकांनी मॉप खाली ठेवले. सप्टेंबरमध्ये तिथल्या लवाद समितीनं बंदी उठवली, पण काढून घेतलेला मॉप परत दिला नाही. तो पुन्हा कौल मागायला उभा राहिला, ते जमलं नाही. त्याच्यासाठी राजीनामे दिलेल्यांपैकी काहींना मात्र साध्या अर्जावर मॉप परत मिळाले. हुतात्मा व्हायचंच असेल तर दुसऱ्यासाठी व्हावं, निदान परतीचं तिकीट मिळतं!

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून चालू आहे. तिथल्या चर्चेच्या पानाला नावही झकास आहे, चावडी. पण गाव एवढं मोठं आणि प्रचालक मूठभर. राजीनाम्याचं नाटक करायलाही तिथे आधी कुणीतरी प्रचालक व्हायला हवं. इच्छुकांनी आजच खातं उघडावं. रुसायचं नंतर बघता येईल.