दावणीचं विमान

मावळात जमिनीचा व्यवहार झाला की आधी थार येते, मग बंगला, मग बंगल्याच्या गेटवर दोन सिंह. त्यापुढे काय घ्यायचं, हा खरा पेच. आमच्या वडगावच्या तात्यांनी तो परवा सोडवला. "विमान घेतोय. चार शिटी. जरा हिशोब करून द्या."

बसलो करायला. चार आसनांचं सेसना 172 तासाला तीस-पस्तीस लिटर पितं आणि ते खास विमानाचं पेट्रोल कामशेतच्या पंपावर मिळत नाही. पण पेट्रोलचं रडगाणं उडालं तर! नुसतं उभं राहिलं तरी हँगरचं भाडं, विमा, इंजिनिअर, वर्षाची तपासणी आहेच. इंजिन साधारण 2000 तासांनी खोलायचं. तेवढे तास भरले नाहीत तरी 12 वर्षांनी खोलाच, असं इंजिनवाली कंपनी सांगते. वर सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या विमानाला 40 टक्के जीएसटी. कोल्ड्रिंकलाही तेवढाच. सरकारच्या लेखी दोन्ही एकाच माळेचे मणी.

मला वाटलं, तात्या हबकतील. छे! ज्याच्या दावणीला शर्यतीचे बैल आहेत, त्याला उभ्या खर्चाची काय भीती? 2014च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा बंद केला, परवानगी मिळाली ती 2021च्या डिसेंबरात. साडेसात वर्षं शर्यतीचा घाट सुना, पण दूध, अंडी, उडदाचा भरडा एक दिवस चुकला नाही. ज्या दहा-बारा सेकंदांसाठी हे सगळं करायचं, तीसुद्धा नव्हती.

"वर्षाला शंभरेक तास उडणार नसाल तर भाड्याचं परवडतं, असं वैमानिक मंडळी म्हणतात," मी म्हटलं. "तुम्ही जाणार कुठे?"

"पुण्याहून लोणावळा."

हवेतून पाव तास. पण लोणावळ्याला विमानतळ नाही. जवळची धावपट्टी अँबी व्हॅलीची, तीही खासगी. तिथं कुणी उतरू दिलंच, तर पुढं घाटरस्त्यानं गाडीतून माघारी यायचं, रविवारी टायगर पॉइंटच्या भजी-कणसांच्या गर्दीतून. आणि लोणावळ्याची खरी मजा पावसाळ्यात, तेव्हा तर ढग डोंगराला टेकलेले. एवढ्याशा विमानाला कोण सोडणार त्यात?

"मग आपणच भाड्यानं लावू की. हप्ता सुटेल."

खासगी नोंदणीच्या विमानानं भाडं मारता येत नाही, त्याचा परवाना वेगळा, हेही सांगितलं. तात्यांनी पुतण्याच्या लग्नात नवरी हेलिकॉप्टरनं आणली, तेव्हा तासाला लाखाच्या वर मोजले होते, रिकाम्या फेरीचेसुद्धा. शेतात हेलिपॅड, परवानग्यांसाठी हेलपाटे, आणि पोरांनी फोन वर धरेपर्यंत खेळ खलास. तरी ते स्वस्तच पडलं म्हणायचं.

तात्या बराच वेळ मिशी पिळत बसले. मग म्हणाले, "दसऱ्याला हार घालायला दारात आणता येईल का?"

"नाही. हँगरमध्येच जावं लागेल."

"म्हणजे पैसे माझे आणि मिरवणार हँगरवाला?"


दुसऱ्या दिवशी ते बैल बघायला चाकणच्या बाजारात गेले.