उकिरडा उकरणाऱ्या वेडीची थोरवी

कोंबडी मूर्ख असते याबद्दल माणसांत दुमत नाही. समोर मक्याचे पिवळेधमक दाणे टाकलेले असताना ती मध्येच वळते आणि उकिरड्याकडे धावते. दोन्ही पायांनी कचरा मागे उडवते, पाऊलभर मागे सरते, मान वाकडी करून एका डोळ्याने निरखते आणि चोच मारते. चोचीत वळवळणारी अळी. मग ती ऊर फुटेस्तोवर पळते, कारण बाकीच्या साऱ्याजणी तिच्या मागे लागलेल्या असतात. दाण्यासाठी अशी पळापळ होत नाही. या वेडाची मनापासून स्तुती करावी म्हणून हा लेख.

शहाण्या माणसांनी हे वेड बरं केलं. कोंबडीला शेडमध्ये घेतलं, उकिरडा बाहेर ठेवला. आता तिच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका, त्याखालोखाल सोयापेंड. एवढ्याने मेथिओनिन हे अमिनो आम्ल पुरेसं मिळत नाही, म्हणून ते कारखान्यात बनवून मिसळतात. त्याचा कच्चा माल प्रोपिलीन, म्हणजे खनिज तेलातून निघणारा वायू. कुक्कुटपालकाच्या खर्चातला साधारण दोन तृतीयांश वाटा या खाद्यावर जातो. आणि शहरातल्या दुकानात अंड्यांच्या खोक्यावर अभिमानाने छापलेलं असतं : शुद्ध शाकाहारी खाद्यावर वाढवलेल्या कोंबडीची अंडी. शेजारच्याच फळीवर गावरान अंडी, जास्त भावाची. ती घालणारी कोंबडी दिवसभर किडे, गांडुळं, वाळवी वेचत हिंडलेली असते. दोन्ही खोकी एकाच पिशवीतून घरी जातात.

2021 साली या व्यवस्थेची कसोटी लागली. सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला आणि पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने 12 लाख टन जनुक-बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. जे बियाणं लातूरच्या शेतकऱ्याला पेरायला बंदी, त्याचीच पेंड बोटीने न्हावाशेव्याला उतरवायला मोकळीक, तीही इथलं नवं पीक बाजारात यायच्या तोंडावर. मला याचा आजही राग येतो. त्याच दिवसांत प्रत्येक मोठ्या भाजी मंडईच्या मागे कोबीचा पाला, सडके टोमॅटो आणि फुटक्या पपया ढिगाने कुजत होते. त्या ढिगात काय असतं, हे फक्त त्या वेडीला ठाऊक होतं.

आता थोडे वेडे लोकही तिच्या बाजूने उभे राहिलेत. कोंबड्यांना अळ्या मिळाव्यात म्हणून ते ओल्या कचऱ्याच्या पिंपात ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची काळी, लांबट माशी पाळतात. ही माशी चावत नाही, घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही. जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगते. मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते, पण ओल्या कचऱ्यात नव्हे, त्याच्या जवळच्या कोरड्या फटीत. म्हणून पाळणारे पिंपाच्या तोंडाशी फटी राखलेल्या लाकडी पट्ट्या ठेवतात. चारेक दिवसांत अळ्या निघतात आणि पुढचे दोन आठवडे नुसत्या खात सुटतात. त्या पिंपावर कान ठेवला तर सरसर ऐकू येते, हात घातला तर ऊब लागते. पोट भरलं की अळी काळपट होते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत आपण होऊन वर चढते. तिरकी फळी लावून ठेवली की फळीच्या टोकाहून खालच्या बादलीत पडते. कापणीला मजूर लागत नाही. वाळवलेल्या अळीत साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 30 टक्क्यांच्या आसपास चरबी असते. पिंपात उरतं ते खत.

युरोपने गायींच्या ‘मॅड काऊ’ रोगानंतर 2001 साली पाळीव जनावरांच्या खाद्यातली प्राणिज प्रथिनं जवळजवळ बंदच केली. मग 2017 मध्ये मत्स्यपालनातल्या माशांसाठी आणि 2021 मध्ये कोंबड्या-डुकरांसाठी किड्यांची प्रथिनं मान्य केली. पण तिथल्या कायद्यानुसार पाळलेली अळी हे पशुधन, म्हणून तिला खरकटं किंवा शेण घालता येत नाही. मग तिला कोंडा आणि कारखान्यातला धान्याचा चोथा मिळतो, म्हणजे जे कोंबडीनेही खाल्लं असतं. वाळवलेली अळी सोयापेंडीहून महाग पडते त्यामागे हेही एक कारण. काळजी अनाठायी नाही; कचऱ्यातलं कॅडमियम अळीच्या अंगात साठतं. पण मंडईचा निवडलेला पाला आणि डंपिंगवरचा सरमिसळ कचरा यांत फरक करता येतो, तो करायला हवा.

नेदरलँड्सच्या वाखेनिंगन विद्यापीठात ब्रॉयलर पिल्लांना जिवंत अळ्या देऊन पाहिल्या. एरवी वजनाने बसून राहणारी पिल्लं हिंडू लागली, उकरू लागली, त्यांचे पाय सुधारले. टोगो आणि बर्किना फासोतल्या खेड्यांत तर मडक्यात शेण-काडीकचरा भरून ते वारुळावर उपडं घालतात आणि जमलेली वाळवी पिल्लांपुढे झटकतात.

आपल्याकडे परसात दहा-बारा कोंबड्या असलेल्या घराला झाकणाचं एक पिंप, एक फळी आणि एक बादली पुरेल. पोल्ट्रीवाल्यांसाठी मंडईचा पाला वेगळा उचलून देणं बाजार समित्यांना अवघड नाही. आणि खोक्यावरची ती शाकाहाराची ओळ पुढच्या छपाईत काढून टाकायला काहीच खर्च नाही.