जहाजाच्या पिछाडीची खोली : खरेदीपूर्व मार्गदर्शन (पलूस तालुक्यापुरतं)

समुद्र पलूस तालुक्याच्या हद्दीत येत नाही. तालुक्याला पाणी आहे ते कृष्णेचं, आणि ते निघतं पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं. क्रूझ मात्र सुटते मुंबईहून, अरबी समुद्रात. तेव्हा नदीच्या अंगानं जहाज गाठायचा विचार कुणी करत असेल तर तो आधीच सोडावा. रात्री किर्लोस्करवाडीला महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडावी, सकाळी सीएसएमटीला उतरावं, टॅक्सीनं बॅलार्ड पिअर गाठावं. जाणं सोपं आहे. अवघड आहे ते खोली निवडणं.

पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला लागली की त्यांना आईबापाला कुठंतरी पाठवायची हौस येते. फोन येतो, "आण्णा, इनसाइड घेऊ का बाल्कनी?" आण्णा म्हणतात, "स्वस्तातली घे." मागून आईचा आवाज, "वाऱ्याची असू दे गा." मग पोरगा सांगतो की बाल्कनीतही दोन जाती आहेत, बाजूची आणि पिछाडीची. पिछाडीची म्हणजे जहाजाच्या शेपटाला, मागं तोंड करून असलेली. ती थोडीच असते, आणि लोक ती आधी उचलतात. लोक उचलतात म्हटल्यावर आण्णांचं मन तिच्यावर बसतं. इथून पुढं मार्गदर्शन लागतं.

आमचं म्हणणं असं की पलूसच्या माणसाला या कामी कुणाचा सल्ला घ्यायचं कारण नाही. ज्यानं आयुष्यात एकदा तरी जमीन घेतलीय, निदान विसार देता देता माघार घेतलीय, त्याला जहाजाची खोली घेता येते. रीत तीच.

आधी क्षेत्र बघावं. जाहिरातीतला फोटो बघू नये, त्यात पलंगाच्या पुढं लग्नाची पंगत बसेल एवढी जागा दिसते. बाल्कनी धरून खोली भरते साधारण दोनशे चौरस फुटांच्या आसपास. गुंठ्याला १०८९ चौरस फूट आणि गुंठ्याचे सोळा आणे, म्हणजे हिशेबाला तीन आणे जागा आली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली एवढ्या तुकड्याचं खरेदीखत घेऊन कुणी दुय्यम निबंधकाकडं गेलं असतं तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं. पिछाडीच्या खोलीची एक जमेची बाजू अशी, की बऱ्याच जहाजांवर तिची बाल्कनी बाजूच्या खोल्यांपेक्षा खोल असते. अर्धा आणा का होईना, जादा. आणि कोपऱ्याची मिळाली तर बाल्कनी दोन अंगांनी वळते. दोन बाजूंनी रस्ता असलेल्या प्लॉटला जो भाव असतो तो हिलाही असतो, त्यात घासाघीस होत नाही.

खरं काम यापुढं आहे, ते म्हणजे चतुःसीमा. डेक प्लॅन हा जहाजाचा सातबारा, खोलीचा नंबर हा गट नंबर. खरेदीखतात पूर्वेस अमक्याचं रान, पश्चिमेस तमक्याचं असं चारी बाजूंचं लिहितात. जहाजाला दोन बाजू जादा असतात, वर आणि खाली, आणि माणूस फसतो तो नेमका तिथंच. आडवा शेजारी आपण बघून घेतो. उभ्या शेजाऱ्याची चौकशी कुणी करत नाही.

आमच्या ओळखीच्या एका तात्यांनी ही चौकशी केली. लेकानं पाठवलेल्या दोन डेकच्या नकाशांच्या त्यांनी प्रिंटा काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि ट्यूबलाइटसमोर धरल्या. काकींनी खालची टोकं धरली होती.

"आपल्या खोलीवर काय आलंय?"

"लिडो लिहिलंय."

"लिडो म्हंजे?"

लेकाला फोन लागला. लिडो म्हणजे बुफेचा आणि पोहण्याच्या तलावाचा मजला.

"म्हंजे पंगत आपल्या डोक्यावर!" तात्या म्हणाले आणि प्रिंट खाली ठेवली.

तात्यांचं बरोबर होतं. पिछाडीला वरच्या अंगाला बुफे असणं ही जहाजावरची नेहमीची मांडणी. लोक नाष्ट्याला यायच्या आत पहाटेच खुर्च्या ओढायला सुरुवात होते, आणि लोखंडी जमिनीवरून ओढलेली खुर्ची खाली झोपलेल्याच्या कवटीतून जाते. बऱ्याच जहाजांवर जेवणाचा मोठा हॉलही मागंच असतो. त्याच्यावर खोली आली तर रात्री बशांचा आवाज. नकाशात एखादी जागा नुसती पांढरी, बिननावाची दिसली तर तिथं काही नाही असं समजू नये. इतर हक्कांचा रकाना कोरा आहे म्हणून जमिनीवर बोजा नाही, असं मानणाऱ्यांचं काय होतं ते आपण पाहिलंय. त्या पांढऱ्या जागेत भटारखाना असतो, धुलाईची यंत्रं असतात, कामगारांचा जिना असतो. वर खोल्या, खाली खोल्या, दोन्हीकडं झोपलेली माणसं : अशी खोली निघाली तर चतुःसीमा स्वच्छ समजावी.

बांधाचा प्रश्न जहाजावर फार सुटसुटीत आहे. दोन बाल्कन्यांच्या मध्ये एक आडोसा असतो. तो कोरता येत नाही, वर्षाला वीतभर सरकवता येत नाही. शेजारी-शेजारी खोल्या एकाच घरच्यांनी घेतल्या तर बऱ्याच जहाजांवर खोलीचा स्टुअर्ड चावी लावून तो उघडूनही देतो. पलूस भागात दोन भावांनी आपखुशीनं बांध काढल्याचं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही, त्यामुळं या सोयीचा उपयोग कसा होईल ते सांगता येत नाही.

वहिवाटीचं मात्र बघावं लागतं. मुंबईहून २०२१ पासून फिरणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, लांबी सुमारे २१० मीटर. आजकालच्या जहाजांत ते लहानात मोडतं. पण लहान असो की मोठं, पिछाडीची खोली बोळाच्या अगदी टोकाला असते. लिफ्टमधून उतरल्यावरही चालत राहायचं आणि करमणुकीचा हॉल पुढच्या टोकाला असला की पुन्हा उलटं. रानाला रस्ता नाही म्हणून आपल्याकडं भाऊबंद कोर्टात जातात. इथं रस्ता आहे, तो संपत नाही एवढंच. गुडघ्याचं दुखणं असेल तर आधीच विचार करावा, किंवा चष्मा, गोळ्या आणि तंबाखूची डबी एकदाच खिशात घालून बाहेर पडावं.

तंबाखूचं निघालंच आहे म्हणून. पुष्कळ जहाजांची पिछाडी पायरीपायरीनं उतरत गेलेली असते, म्हणजे खालच्या मजल्याची बाल्कनी वरच्यापेक्षा जास्त बाहेर आलेली. ऊन चांगलं मिळतं, पण वरचे लोक तुमच्या बाल्कनीत थेट बघतात, आणि तुमची पिचकारी समुद्रात न जाता खालच्या पाहुण्याच्या कॉफीत जाते. तसंही समुद्रात काही टाकायला बंदीच आहे. मारपोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ पासूनचा आहे आणि प्लास्टिकला त्यात कुठंच माफी नाही. औदुंबरला घाटावरून निर्माल्य सोडायची किंवा पुलावरून नाणं टाकायची ज्यांच्या हाताला सवय आहे, त्यांनी हात कठड्याच्या आत ठेवावेत. कठड्यावर लुगडं वाळत घालू देत नाहीत. इस्त्री बॅगेतून काढून घेतात. घरचं शिजवलेलं बहुधा आत सोडत नाहीत, तेव्हा भाकरी घरी ठेवून पॅकबंद भडंग न्यावा.

धुराडं मागच्या अंगाला असतं. वारा उलटा फिरला की बारीक काजळी बाल्कनीतल्या खुर्चीवर येऊन बसते. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या वाऱ्याखाली वाळवण घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता हलण्याबद्दल. जहाज पुढं-मागं डुलतं तेव्हा मधला भाग जवळजवळ जागेवर असतो, आणि दोन्ही टोकं वर-खाली होतात. पिछाडी हे टोक आहे. शिवाय जहाजाचे पंखे तिच्याच खाली फिरतात, त्यांची थरथर खालच्या मजल्यांना जास्त लागते आणि धक्क्याला लागताना तर पाण्याचा पेलाही बोलतो. जितकं वर जाल तितकी थरथर कमी, डुलणं जास्त. ज्याला कुंभार्ली घाटात गाडी लागते त्याला बोट लागणारच. त्यानं पिछाडीचा हट्ट सोडून मधल्या भागातली, खालच्या मजल्याची खोली घ्यावी आणि पिछाडी बघायला दुसऱ्याच्या खोलीत जावं. तिकडं बघण्यासारखं काय, असं विचाराल तर जहाजानं कापलेल्या पाण्याचा पांढरा पट्टा, मैल-मैल मागं गेलेला. त्याच्याकडं माणूस तासन्‌तास बघत बसतो. आपल्या भागातला असेल तर थोड्या वेळानं विचारतो, "किती फूट असंल पाणी?" कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलाची पातळी ऐकत मोठं झालेल्या माणसाला आकडा कळल्याशिवाय पाणी बघितल्यासारखं वाटत नाही. स्टुअर्डला हे माहीत नसतं. त्याला दोष देऊ नये.

सूर्यास्ताच्या नावाखाली पुष्कळांना ही खोली विकली जाते, म्हणून दिशा सांगून ठेवतो. मुंबईहून गोव्याला जहाज दक्षिणेला जातं, म्हणजे तुमची बाल्कनी उत्तरेला बघते. मागं तोंड करून उभं राहिलात की पश्चिम डाव्या हाताला येते. जाताना सूर्य धरायचा असेल तर त्या डाव्या कोपऱ्याची खोली हवी. येताना तीच खोली पूर्वेला जाते आणि पहाटे डोळ्यांवर ऊन घेते. जहाज सरळ मागं टाकतं ती मुंबई. मुंबईला राहून आलेल्यांना हे दृश्य फार आवडतं.

केव्हा जावं, हा मात्र या मार्गदर्शनातला सगळ्यात बिकट प्रश्न. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईच्या फेऱ्यांचा हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते मे. ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी. नोव्हेंबरात ढग आलं की दावण्या, आणि दावण्याच्या दिवसांत बाग सोडून समुद्रावर गेलेल्या माणसाला घरात परत घेतात की नाही सांगता येत नाही. डिसेंबरात भुरी. जानेवारीपासून व्यापारी, पेट्या, उधारी. ऊसवाल्याचं तर विचारूच नका. तोडीची टोळी कधी येईल ते टोळीलाही माहीत नसतं, आणि ती नेमकी तुम्ही लाइफ जॅकेट घातल्यावर येते. एप्रिलात खरड छाटणी, मेमध्ये फुटव्यांची विरळणी. सगळा हिशेब मांडला तर माल उतरल्यानंतर आणि खरड छाटणीच्या आधी बागेला जी पंधरा-वीस दिवसांची विश्रांती देतात, तेवढीच फट उरते. मार्चअखेर, एप्रिलची सुरुवात. समुद्रही तेव्हा शांत असतो. पण सोसायटीचं पीककर्ज भरायची ३१ मार्चची तारीखही तिथंच येते, हे ध्यानात असू द्यावं. जनावरांचं काय, धार कोण काढणार, याचा बंदोबस्त खोलीच्या आधी करावा. ते जमलं नाही तर खोलीची चतुःसीमा कितीही स्वच्छ असून उपयोग नाही.

एका गोष्टीत चेष्टा नको. जहाज सुटायच्या सुमाराला सगळ्या प्रवाशांना जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठं जमायचं, ते दाखवतात. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर झालेल्या करारातून असे नियम आले. पुष्कळ लोक त्या वेळी बुफेकडं वळतात. पलूस तालुक्यातल्या माणसानं वळू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, त्यात किती घरं रिकामी झाली ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. जॅकेट घालून बघा, बंद आवळून बघा, आपल्या खोलीपासून जमायच्या जागेपर्यंत एकदा पायी जाऊन या.

राहिला व्यवहार. तिकिटाच्या आकड्यावर बंदराचे पैसे, टिप आणि जीएसटी चढतो. तो धरूनच भाव विचारावा. एजंट 'गॅरंटी'ची खोली स्वस्तात देतो म्हणाला तर त्याचा अर्थ असा, की खोली कोणती ते कंपनी ठरवणार. गट नंबर न लिहिता केलेला व्यवहार आपण रानात करत नाही, पाण्यात कशाला करायचा? नंबर लिहून घ्या, वरचा-खालचा नकाशा बघा, आणि चतुःसीमा पटली तर त्याच दिवशी विसार द्या. भाव उतरेपर्यंत थांबलात तर भाव एखाद्या वेळी उतरेलही. पिछाडीच्या कोपऱ्याच्या खोल्या मात्र मजल्याला दोनच असतात, आणि त्या तोवर गेलेल्या असतात.